वाऱ्यातलं पीठ

“ज्या दिवशी माणसानं वाऱ्याला कामाला जुंपलं, त्या दिवशी तो निसर्गाचा चाकर उरला नाही, धनी झाला.”

हे वाक्य शाळेच्या फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी, भोवती वेलबुट्टी काढून लिहिलेलं होतं. आणि ते लिहिलं त्या दिवसापासून गावातला वारा पडला होता. नवा धनी त्याला मानवला नसावा.

पडला म्हणजे पार आडवा झाला. अकरा दिवस झाडाचं पान हललं नव्हतं. दोरीवरचं धुणं टाकलं तसंच कडक वाळायचं आणि काढताना पाटीसारखं उभं राहायचं. चुलींचा धूर छपराच्या वर पुरुषभर चढायचा आणि पुढं कुठं जायचं ते न सुचून तिथंच थांबायचा. माणसं एकमेकांशी मोजकं बोलत होती. जास्त बोललं की घाम यायचा.

या सगळ्यात सर्वांत बेचैन माणूस होता गिरणीवाला. गाव त्याला पिठ्या म्हणायचं, कारण त्याच्या भुवया, मिशा आणि कानांच्या पाळ्या बारा महिने पांढऱ्या असायच्या. लग्नाच्या दिवशी तो स्वच्छ अंघोळ करून उभा राहिला, तेव्हा नवरीकडच्यांनी हळूच चौकशी केली होती, की आम्हाला दाखवला तो हा नव्हे, तो थोरला कुठंय.

पिठ्याला वाऱ्याशी आयुष्यात कधी देणंघेणं नव्हतं. लाईट असली की गिरणी मोटारीवर चालायची, नसली की डिझेलच्या इंजिनावर. यंदा लाईट दिवसातून दोनच तास यायची, तीही न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी, आणि तशीच न सांगता निघून जायची. त्यामुळं इंजिन दिवसभर धडधडायचं. तरीही पिठ्या दर दहा मिनिटांनी दळण सोडून दारात यायचा, समोरच्या झाडाच्या शेंड्याकडं बघायचा, मान हलवायचा आणि आत जायचा. शेंडा मान हलवायचा नाही.

कारण फळ्यावरचं ते वाक्य त्याच्या बायकोनं लिहिलं होतं. शाळेची बाई ती, आणि घरची बाईही तीच. शाळा आणि गिरणी एकाच भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. इंजिनाच्या आवाजात शिकवणं ऐकू येईना झालं की बाई डस्टरनं भिंतीवर एक ठोका मारायची; पिठ्या इंजिन थांबवायचा. कविता संपली की दोन ठोके. इंजिन पुन्हा चालू. नवरा-बायकोचं दिवसभरातलं बरंचसं बोलणं या भिंतीतूनच व्हायचं, आणि ते इतर कुठल्याही घरापेक्षा गोडीगुलाबीनं व्हायचं.

महिन्यापूर्वी वरून कागद आला. सूर्य, वारा, पाणी यांपासून मिळणारी न संपणारी ऊर्जा आणि ती जपून वापरणं, हे चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवावं. मुलांनी स्वतः बनवलेलं एक चालतं यंत्र दाखवावं. साहेब येऊन बघतील. ज्या लहान शाळा यात मागं पडतील, त्या मोठ्या शाळेत मिळवल्या जातील. शाळेत पोरं होती एकोणीस. म्हणजे ती लहान आहे की फारच लहान, एवढाच काय तो प्रश्न होता.

शाळा मिटली तर बाईची बदली कुठं होईल हे पिठ्याला विचारावं लागत नव्हतं. सुरुवातीची सहा वर्षं ती डोंगरापलीकडच्या शाळेवर होती. दोन गाड्या बदलून पुढं चालत. पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्यांची पोर, जिला सगळे ठिणगी म्हणत, तिनं पहिलं पाऊल तिकडंच टाकलं. पिठ्याला ते पंधरा दिवसांनी कळलं. तोवर ती पळत होती.

*

बाईनं वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. गावातल्या प्रत्येक घराची एक ओळ. पोरं रोज घरोघर बघून यायची. उगाच जळणाऱ्या दिव्याला कागदाचा पिवळा ठिपका, गळत्या नळाला निळा, आणि जाळलेल्या दर लिटर डिझेलला काळा. कुणाच्या घरी किती वाया जातं ते पोरांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच साधा हेतू.

पहिल्या आठवड्यात पिठ्याची ओळ कागद संपून बाहेर आली. बाईनं दुसरा कागद जोडला. तोही संपला. मग ओळ भिंतीवरून खिडकीकडं निघाली. गणवेशातली पोरं रोज सकाळी ती कुठवर आली ते बघायला जमायची.

“पिठ्याभाऊ, तुमच्या नावापुढं मुंग्या लागल्यात म्हणे,” रांगेत डबा घेऊन उभी असलेली शिंपीण म्हणाली.

“तुमचंच दळण आहे त्यात.”

“दळण आमचं, ठिपके तुमचे. आंधळं दळतं म्हणतात ते असंच.”

“पुढचं पण म्हणा की. पीठ कोण खातं?”

रांग हसली. शिंपीण पण हसली, पण डबा पुढं सरकवताना म्हणाली, “बारीक दळा. मागच्या वेळी भावनेच्या भरात जाड झालं होतं.”

पिठ्यानं इंजिनाचा आवाज वाढवला. हसण्यावर त्याच्याकडं तेवढाच इलाज होता. पण दगड तापला तसं त्याच्या डोक्यातही काहीतरी तापत राहिलं. वीस वर्षं हे गाव त्यानं दळलेलं खात होतं. त्यात कुणाला कधी काळं दिसलं नव्हतं. आता त्याचीच पोर रोज संध्याकाळी डिझेलच्या डब्यात काठी बुडवून बघायची आणि वहीत लिहायची.

“बाबा, आज किती लिटर?” ती जेवताना विचारायची.

“जेवू दे.”

“घास गिळलात की सांगा.”

“अगं, बापाला निदान पाणी तरी पिऊ दे,” म्हातारी, म्हणजे पिठ्याची आई, मधे पडायची.

“आजी, तू बोलू नकोस. तुला एकही ठिपका नाही.”

ते खरं होतं. म्हातारी चूल पेटवायला शेजारणीकडून निखारा आणायची, काडी दोनदा वापरायची आणि दिव्याची वात इतकी बारीक ठेवायची की दिवा आहे की नाही हे बघायला दुसरा दिवा लागावा. जन्मभर गावानं तिला कंजूष म्हटलं होतं. आता पोरं तिला बघायला यायची. म्हातारी त्यांच्यासमोर वापरलेल्या काड्यांची डबी उघडून दाखवायची, आणि झाकण लगेच लावायची.

*

चाक मात्र फिरत नव्हतं.

पोरांनी ते मेहनतीनं बनवलं होतं. सायकलचं जुनं चाक, तारांवर तेलाच्या डब्याच्या पत्र्याची बारा पाती, काठाला घासणारा सायकलचाच डायनॅमो आणि टॉर्चचा एक बल्ब. पाती पिठ्यानंच कापून दिली होती. दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. शाळेच्या ओसरीत, गिरणीकडच्या भिंतीजवळ, लाकडी घडवंचीवर ते चाक उभं केलं होतं. वारा असता तर ते नक्की फिरलं असतं. पोरांनी रांगेत उभं राहून तोंडानं फुंकूनही बघितलं. चाक पाव वळलं, आणि तिघांना भोवळ आली.

साहेब परवा येणार होते. संध्याकाळी बाई अंगणात बसून पोरांच्या वह्या तपासत होती. वही ती उघडायची, बंद करायची आणि पुन्हा तीच उघडायची.

“मी फिरवून देतो,” पिठ्या म्हणाला.

“कशानं?”

“धान्य उफणायचा पंखा आहे ना माझा. भिंतीची एक वीट काढतो, पंखा तिथं लावतो, पट्टा इंजिनावर चढवतो. चाक असं फिरेल, की साहेबांची टोपी सांभाळावी लागेल.”

बाईनं चष्मा काढला. “डिझेलवर पवनचक्की?”

“डिझेलवर कशाला? वाऱ्यावरच. वारा कशावर चालतो ते कागदात कुठं विचारलंय?”

“अहो, मी महिनाभर पोरांना काय शिकवलं?”

“शिकवलंस ते राहूच दे. मी फक्त फुंकर मारतो.”

“आणि पोरांनी विचारलं तर काय सांगू?”

“काही सांगू नकोस.”

“एवढं सोपं असतं तर शाळा कशाला काढल्या असत्या?” ती म्हणाली, वह्या गोळा करून उठली. “नको. फिरलं तर फिरलं.”

विषय तिथं संपला. पण पहाटे पिठ्या उठला तेव्हा माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आलेली होती. झाकण उघडं. आत जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती आणि कोपऱ्यात ठिणगीचं तळहाताएवढं झबलं, तिकडच्या वर्षांतलं, राहून गेलेलं.

“ही कशाला काढली?”

“झुरळं झाली असतील. पुसून ठेवते,” बाई म्हणाली. फडकं मात्र तिच्या हातात नव्हतं.

पिठ्या गिरणीत गेला. दळण लावायचं सोडून त्यानं वरचा दगड उतरवला आणि छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी देऊन खडबडीत करत बसला. दगड गुळगुळीत झाला होता हे खरं, पण आणखी आठ दिवस चालला असता. टक् टक् टक्. दगडाचे कण पायांवर उडत होते. गिऱ्हाइकं आली, डबे रांगेत ठेवून गेली. दगडाचं काम झालं. तीच छिन्नी घेऊन तो उठला, भिंतीशी गेला, आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवरची एक वीट टोचू लागला.

दुपारी बाई घरी आली तेव्हा तिच्या पदरावर विटेची लाल भुकटी होती. तिनं ती झटकली. पिठ्याकडं न बघता ताटं मांडली.

*

साहेब अकराला आले. उंच, वाकलेले, आणि अशा चेहऱ्याचे की त्यांना या आठवड्यातली ही सातवी शाळा असावी. जीपच्या मागच्या सीटवर एक मोठा डबा दोरीनं बांधून बसवला होता, साहेबांपेक्षा जास्त ऐसपैस.

पिठ्या भिंतीच्या भोकाला डोळा लावून उभा होता. पंखा भोकाशेजारी बसवला होता, पट्टा चढवलेला होता, इंजिनात डिझेल होतं. हातात हँडल. बाहेर रांगेतल्या लोकांना त्यानं सांगितलं होतं, की आज पोटात गडबड आहे, दळण दुपारून.

साहेबांना खुर्ची ओसरीत दिली, चाकाच्या बरोबर पुढं.

“सूर्याची ऊर्जा संपते का?” साहेबांनी पहिल्या रांगेतल्या मुलाला विचारलं.

“नाही. पण संध्याकाळी बंद होते.”

“वीज का वाचवायची?”

“आली की सांगतो,” दुसरा म्हणाला.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मान वर करून चाकाकडं बघितलं. चाक उभं होतं. झाडं उभी होती. साहेबांच्या कपाळावरून एक थेंब निघाला, नाकाच्या शेंड्यावर येऊन विचार करत थांबला.

“हे चालतं का?”

“वारा आला की चालतं, साहेब,” बाई म्हणाली.

“कधी येतो?”

एकोणीस पोरांनी झाडाच्या शेंड्याकडं बघितलं. भोकातून पिठ्याला बाईची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीमागं घेतलेला डस्टर. साहेबांनी घड्याळ बघितलं. वहीचं झाकण मिटायला घेतलं.

बाई दोन पावलं मागं सरकली, भिंतीला टेकली आणि न वळता डस्टर मारला. एक. पिठ्यानं श्वास धरला. दोन.

त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, धडधडलं, पट्टा सळसळला, पंखा उठला. चाक आधी कुरकुरलं, मग निघालं, मग पाती दिसेनाशी झाली आणि टॉर्चचा बल्ब लख्ख पेटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी भिंतीकडं बघून वाजवल्या.

“आवाज कसला?” साहेबांनी विचारलं.

“शेजारी गिरणी आहे,” बाई म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

साहेब झाडाच्या शेंड्याकडं बघत होते. “पान हलत नाही, आणि चाक फिरतंय.”

“पोरांनी फार हलकं बनवलंय, साहेब.”

सगळं ठीक चाललं होतं. फक्त एक गोष्ट पिठ्याच्या ध्यानात आली नव्हती. वीस वर्षं गिरणीत राहणाऱ्या माणसाच्या ती ध्यानात येतही नाही, जशी माशाच्या ध्यानात पाण्याची येत नाही. त्यानं गिरणी झाडली नव्हती. पंखा आतली हवा ओढून बाहेर फेकत होता, आणि त्या हवेत वीस वर्षांचं पीठ होतं. आढ्यावरचं, फळ्यांवरचं, कोळ्याच्या जाळ्यांतलं. ते मऊ ढगासारखं भोकातून निघून चाकातून गाळून साहेबांवर बसत होतं. आधी टोपी. मग खांदे. मग भुवया. साहेब शिंकले. पिठ्याला ते आत्ता दिसलं.

तेवढ्यात चाक मंदावलं.

पट्टा घसरला, त्याला वाटलं. त्यानं इंजिनाचा वेग वाढवला. चाक थरथरलं आणि आणखी मंद झालं. आणखी वाढवला. धुरानं डोळे चुरचुरले, हँडलाचा कंप कोपरापर्यंत आला. चाक थांबलं. बल्ब विझला. भिंतीवर एक ठोका पडला, मग एकच, पुन्हा एकच. इंजिनाच्या धडधडाटात त्याला एकही ऐकू आला नाही.

दारातून ठिणगी आत पळत आली. केस सगळे तोंडावर.

“बाबा, बंद करा. वारा आलाय.”

“काय?”

“खरा वारा. समोरून आलाय. तुमचा इकडून, तो तिकडून. चाक मधे अडकलंय.”

पिठ्यानं इंजिन बंद केलं. आणि मग त्याला ऐकू आलं: पत्रे वाजत होते, दारं आपटत होती, शिंपिणीचं धुणं दोरी सोडून कुठंतरी निघालं होतं. भोकातून बघितलं तर चाक उलट्या बाजूनं फिरायला लागलं होतं. बल्ब लागला. मघापेक्षा जास्त लागला.

ओसरीत कुणी टाळी वाजवली नाही. साहेब पांढरेशुभ्र बसले होते. त्यांनी एक बोट भुवईवरून फिरवलं, बघितलं, आणि जिभेला लावलं.

“गहू,” ते म्हणाले. “वाऱ्यात गहू आहे.”

“साहेब, चूक माझी आहे,” बाई म्हणाली. आवाज सरळ होता. डस्टर खाली पडला होता. “पोरांना बोलू नका. ठोके मी मारले.”

ठिणगी परत येऊन तिच्या शेजारी उभी राहिली होती. वही उघडून ती घाईघाईनं लिहीत होती.

“तू काय लिहितेस?” साहेबांनी विचारलं.

“अकरा मिनिटं चाललं. शेवटी जास्त पळवलं, म्हणून अर्धा लिटर धरलंय,” ठिणगी म्हणाली. “एवढ्यात बाबांचं दोन डबे दळण झालं असतं. आणि दिवा लागला टॉर्चचा. परवडलं नाही.”

“हे लिहायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. इंजिन चालू झालं की लिहायचंच असतं.”

साहेब उठले. पिठाचा एक ढग त्यांच्याबरोबर उठला. ते वर्गात जाऊन तक्त्यासमोर उभे राहिले. काळी ओळ कागदावरून निघून, भिंतीवरून, खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचली होती.

“ही कुणाची?”

“माझ्या बाबांची.”

“आणि ही रिकामी?”

“आजीची.”

“मग आत्ताचा अर्धा ठिपका? तोही बाबांच्या नावावर?”

ठिणगीनं आईकडं बघितलं. आईनं मान हलवली. कशासाठी ते फक्त त्या दोघींना ठाऊक. पोरीनं काळा ठिपका कात्रीनं मधोमध कापला, थुंकी लावली आणि तक्त्याच्या तळाशी, जिथं ‘शाळा’ असं लिहिलं होतं आणि महिनाभर काहीच नव्हतं, तिथं चिकटवला.

“ठोके शाळेनं मारले ना,” ती म्हणाली.

साहेबांनी वाकून तो अर्धा ठिपका बघितला. मग म्हणाले, “बाई, मुलांना पाणी पिऊन येऊ द्या,” आणि भिंतीला वळसा घालून निघाले.

पिठ्याला पावलं ऐकू आली. पळायला मागचं दार नव्हतं. तो तापलेल्या इंजिनाशेजारी तसाच उभा राहिला, तेलकट हात मांड्यांना पुसत, आणि त्याला ट्रंकेतलं ते झबलं दिसत होतं. साहेब दारात आले. दोन पांढरे पुरुष समोरासमोर उभे राहिले. साहेबांनी पंखा बघितला, पट्टा बघितला, भोक बघितलं. भोकात ठिणगीचा एक डोळा होता, आणि पेन्सिलीचं टोक.

“शाळा राहील,” साहेब म्हणाले.

पिठ्याचे हात मांड्यांवरच थांबले.

“सहा शाळा बघितल्या. सगळीकडं यंत्रं चालली. वाया काय गेलं ते एकाही पोराला सांगता आलं नाही.” त्यांनी टोपी काढून मांडीवर झटकली. “पवनचक्कीबद्दल मी लिहीन, की दोन्ही बाजूंनी फिरते.”

पिठ्यानं हात जोडले. बाहेर वारा झाडं पिळून काढत होता. बोलणं संपलं होतं, तरी साहेब जाईनात. त्यांनी मागं वळून बघितलं, एक पाऊल आत टाकलं आणि आवाज खाली आणला.

“आमच्याकडं आठ दिवस लाईट नाही. गिरणी बंद. जीपमध्ये एक डबा आहे, घरून सकाळीच बांधून दिलाय.” त्यांनी इंजिनाकडं बोट दाखवलं. “इंजिन गरम आहे तोवर तेवढं दळून द्याल का? जरा जाडसरच ठेवा.”